शेवटून तिसरा ठोका

थॉर्नक्लफमध्ये पहाटे साडेचारला रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं सापडायची: चोर आणि मी. त्यात चोरांनी आमच्या गावाकडे कधी फारसं लक्ष दिलं नाही. चोरण्याजोगं जे काही होतं ते गिरणीत, आणि गिरणीला हे एवढं कुलूप. त्यामुळे हवालदाराचा सगळा संशय माझ्या एकट्याच्या वाट्याला यायचा.

माझा धंदा लोकांना उठवण्याचा. गळ टाकायची लांब वेताची काठी, तिच्या टोकाला तारांचा झुबका, आणि वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीची काच. ज्याला उठायचं असेल त्याने दाराशेजारच्या पाटीवर खडूने वेळ लिहून ठेवायची, बाकी काम अमॉस पिलिंगचं. त्याआधी वीस वर्षं मी कापडाच्या त्या गिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवले होते. एक कान तिथेच ठेवून आलो.

या धंद्यातला खरा शत्रू म्हणजे फुकट उठणारा शेजारी. आमच्याकडे घराला घर चिकटलेलं, मधे एका विटेची भिंत. मी हॅस्लमची काच वाजवायची आणि पलीकडच्या माणसाने एक छदाम न देता गुपचूप मोजे चढवायचे. दिवसा रस्त्यात भेटला की हाच माणूस मला मुद्दाम सांगायचा, "मला बाबा आपोआप जाग येते." हे आपोआप जागे होणारे गावात इतके वाढले की मला झोप लागेना. शेवटी मी एक युक्ती काढली. प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा ठोका दिला. तारांनी वाजवला की हलका, नुसत्या वेताने वाजवला की जड. कुणाला दोन हलके एक जड, कुणाला आधी जड मग तीन हलके. वर्षभरात लोक असे तयार झाले की आपला ठोका पडला की ताडकन उठून बसायचे आणि शेजाऱ्याचा पडला तर कूसही बदलायचे नाहीत. खोटं वाटत असेल तर हॅस्लमच्या मयताला आलेल्यांना विचारा. पेटी खांद्यावर घेतली तेव्हा माझ्या बोटांनी सवयीने फळीवर त्याचा ठोका वाजवला, आणि चौघा खांदेकऱ्यांनी मला नंतर वेगवेगळं गाठून सांगितलं की आत काहीतरी सरकलं. त्याची बायको त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघते. ठोका मात्र तिने तोच चालू ठेवला.

एकतीस सालच्या वसंतात झिला कर्शॉ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. एकोणीस वर्षांची पोर, साचेखात्यात चार साचे सांभाळणारी. तिची आई चाळिशीत ठार बहिरी झालेली. साचेखात्यात चारशे साचे एकदम धडधडतात, तिथे आवाज काढून बोलणं म्हणजे समुद्रात थुंकणं. तिथे आम्ही ओठांनीच बोलतो. तोंड मोठं करून, आवाज न काढता, एकेक अक्षर चघळून. त्या भाषेत मी सात साच्यांपलीकडून लोकांच्या घरातली भांडणं वाचलेली आहेत. गावात गुपित राहत नाही ते यामुळेच. इथे कुजबुजणारा माणूससुद्धा ओठांवर हात ठेवून कुजबुजतो, आणि ओठांवर हात ठेवला की लोकांच्या मनात पाल चुकचुकते.

झिलानेही बोलण्याआधी खिडकीचा पडदा ओढला. माझ्याही मनात पाल चुकचुकली.

"काका, कानात शिटी वाजायला लागलीय," ती म्हणाली. "आईची अशीच सुरुवात झाली होती."

मग तिने सगळं सांगितलं. गावात टेलिफोनचं एक्स्चेंज होणार होतं आणि तिथे मुली हव्या होत्या. कान तपासून घेत होते, म्हणून यंदाच जायला हवं होतं. पुढच्या वर्षी कान उरतील याची खात्री नव्हती. ती एकदा जाऊन आली होती, कुणालाही न सांगता, आजीला बघायला जाते म्हणून. तिथे लांब लांब शब्दांची कार्डं देऊन वाचायला लावलं. तिने सगळी वाचली. कागदावर शेरा मिळाला: शब्द बरोबर, वजन चूक. आता दुसरी आणि शेवटची परीक्षा जूनमध्ये, शनिवारी दुपारी, आमच्याच गावच्या इन्स्टिट्यूटमध्ये. आणि गिरणीच्या मॅनेजरला आधी सुगावा लागला तर संपलंच. मागच्या साली एका पोरीने असा अर्ज केला, तर निकाल लागायच्या आत तिचे साचे दुसरीला दिले होते.

"म्हणून दादला-बायको, शेजारीपाजारी, कुणालाही सांगायचं नाही," ती म्हणाली. मला दादला नाही आणि बायको वारलेली, हे तिला माहीत होतं. पण घाबरलेला माणूस सगळ्यांनाच एका माळेत ओवतो.

तिची अडचण मला चमत्कारिक वाटली. लांब शब्दाचे तुकडे तिला झकास पाडता यायचे. ओठ वाचूनच वाढलेली पोर, तुकडा न तुकडा तिला दिसायचा. पण कुठल्या तुकड्यावर भार द्यायचा ते ओठांवर दिसत नाही. ते कानाचं काम, आणि तिच्या आईचे कान गिरणीने ठेवून घेतलेले. ती म्हणाली, "इ, लेक, ट्रि, सि, टी." पाचही डबे सारखे, मालगाडीसारखे. मी चहाचा चमचा उचलला आणि शब्द नीट म्हणत टेबलावर वाजवला. हलका, हलका, जड, हलका, हलका.

वाजवला आणि चमचा तसाच हातात राहिला. तो हॅस्लमबाईचा ठोका होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी वर्तमानपत्रातले लांब शब्द ठोक्यांशी जुळवत अर्धं गाव शोधून काढलं. अल्मा स्ट्रीटवर माझ्या हाताला एक खोड होती. तिथली घरं शेवटाला दोन हलके घेऊनच थांबायची, जड ठोका त्याच्या आधी, शेवटून तिसरा. इलेक्ट्रिसिटी तिथली, युनिव्हर्सिटी तिथली, रिस्पॉन्सिबिलिटी तर कोपऱ्यावरच्या खाटकाचं घर. फाउंड्री स्ट्रीटवर जडाच्या मागे एकच हलका. तिथे एज्युकेशन राहायचं, एक्झॅमिनेशन राहायचं, कम्युनिकेशन राहायचं. शब्द कितीही लांब असो, शेपूट बघायचं आणि कुठल्या गल्लीतला आहे ते ओळखायचं. फार लांब असेल तर मधे एक अर्धा भार टेकू म्हणून, लांब फळीला मधे वीट लावतात तसा.

आणि काही शब्द बिऱ्हाड बदलणारे. फोटोग्राफ म्हणताना भार पहिल्या खोलीत. फोटोग्राफर म्हटलं की तो दुसऱ्या खोलीत गेला. फोटोग्राफिक म्हटलं की तिसऱ्या. झिला त्यावर म्हणाली, "हा भाडं चुकवतोय." असल्या शब्दांवर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

पाटीवर तिची वेळ पावणेपाचची होती. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या काचेवर रोज नवा शब्द वाजवू लागलो. तिने उठून बसायचं, ठोका मोजायचा, आणि दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या फाटकाशी मला ओठांनी सांगायचं की आज कुठलं घर होतं. बारा आठवड्यांत तिचं क्वचितच चुकलं.

पण समोर जेबझ डकवर्थ राहायचा.

डकवर्थ साचेखात्यातला जॉबर. साचा बिघडला की दुरुस्त करायचा आणि बायका बिघडल्या की मॅनेजरला सांगायचं, ही त्याची दोन कामं. जॉबरांच्या अकलेच्या गोष्टी आमच्याकडे पोत्याने मिळतात. हा डकवर्थ नवी छत्री भिजू नये म्हणून ती कोटाच्या आत धरून पावसातून घरी गेला होता, हे मी स्वतः बघितलंय, आणि नसेल बघितलं तर बघणाऱ्याकडून ऐकलंय. पण मूर्ख माणूस संशय घ्यायला लागला की त्याच्यासारखा चिकाटीचा कुणी नाही. त्या वर्षी एका बाईने चाराऐवजी सहा साचे सांभाळावेत यावरून गिरणीत कुरबूर चालली होती. बायका साचे बंद ठेवणार अशी हवा होती. डकवर्थला कोळशाच्या पोत्यातही संप दिसायचा.

एके दिवशी उकडलेली आतडी खायला मिळतात त्या दुकानात तो माझ्या बाकावर येऊन बसला. माझ्या ताटलीतल्या आतड्यांवर त्याने न विचारता व्हिनेगर शिंपडलं.

"झिलाच्या काचेवर तू रोज वेगळं वाजवतोस," तो म्हणाला.

"हात म्हातारा झाला, जेबझ. चुकतो."

"म्हातारा हात रोज तीच चूक करतो. तुझा रोज नवी करतो."

मी घास तोंडात घोळवत बसलो. जॉबराच्या तोंडून असं शहाणं वाक्य निघावं याचाच मला संशय आला. पढवलं असणार कुणीतरी. मी विचारलं, तुला एवढ्या पहाटे जाग कशी येते, तुझी तर पाटी नाही. तर म्हणतो, आपोआप येते. म्हणजे हाही फुकट्याच. दोघांनी एकमेकांकडे बघत आतडी संपवली.

त्यानंतर रोज पहाटे त्याच्या खिडकीच्या पडद्याला एक फट दिसायची आणि फटीत पेन्सिलीचं टोक. तो सगळं वहीत उतरवत होता. हलक्याला टिंब, जडाला रेघ. मी सावध व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला चेव आला. मी झिलाला आणखी लांब शब्द वाजवू लागलो. एकदा तर त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडल्याचं मी खालून ऐकलं. कुठल्या कानाने ते विचारू नका.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, हवालदार ट्रेगियर माझ्या दारात उभा. हा कॉर्नवॉलचा माणूस, खाली समुद्राकडचा. तीन वर्षं आमच्यात काढून त्याला ओठ वाचता येत नव्हते, त्यामुळे आम्ही सगळे सारखं त्याच्याविषयीच बोलतोय अशी त्याची समजूत झालेली. बहुतेक वेळा ती खरीच असायची. डकवर्थने वही मॅनेजरला दाखवली होती. मॅनेजरने पानं उलटसुलट करून बघितली आणि हा शनिवारी साचे बंद पाडायचा इशारा आहे असं ठरवलं होतं. ट्रेगियरने माझी काठी मागितली.

"सोमवारपर्यंत चौकीत राहील. आणि उद्या सकाळी तुम्ही गावातल्या एकाही काचेला हात लावायचा नाही."

"लोक उठणार कसे, साहेब?"

"ते तुम्ही इशारे देण्याआधी ठरवायचं होतं."

खरं काय ते सांगितलं असतं तर काठी वाचली असती आणि झिलाचे साचे गेले असते. मी काठी दिली. ती चौकीच्या दारातून आत जाईना, शेवटी खिडकीतून घालावी लागली. त्यावरूनही त्याने माझ्याकडे संशयानेच बघितलं.

शनिवारी पावणेपाच वाजून गेल्यावर माझं दार वाजलं. झिला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिचा. ठोका पडला नाही तेव्हाच काहीतरी झालंय हे तिने ओळखलं होतं. मी सगळं सांगितलं. सहाला गिरणीचं फाटक बंद होतं, मग आत घेत नाहीत.

"म्हणजे माझ्यापायी साठ घरं फाटकाबाहेर," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला मनाई केलीय ना? मला नाही केली."

मला वाटलं, आज ही पोर काठी धरून गल्लीबोळ फिरली तर दुपारी कार्डं वाचायला हिच्यात जीव राहील का. तसं बोललोही. तिने ऐकून घेतलं आणि कपडे वाळत घालायची काठी आईच्या परसातून घेऊन आली, टोकाला विणायच्या सुया बांधून.

मी दोन्ही हात खिशात घातले आणि तिच्याबरोबर चालू लागलो. प्रत्येक घरापाशी मी नुसता शब्द पुटपुटायचो, ठोका तिने द्यायचा. ट्रेगियर वीस पावलं मागे, कंदील घेऊन. त्याला दिसत होतं ते असं: एक म्हातारा खिशात हात घालून "इलेक्ट्रिसिटी" म्हणतो आणि एक पोरगी विधवेची काच वाजवते. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसेल याचा तो विचार करत असावा, कारण दर चार घरांनी थांबून टोपी काढून डोकं खाजवायचा.

आणि काच ही कडक परीक्षक निघाली. फाउंड्री स्ट्रीटवर तिने कम्युनिकेशनचा भार तिसऱ्या ठोक्यावर टाकला. घर ढिम्म. पुन्हा तसंच, पुन्हा ढिम्म. तिने शब्द ओठांत घोळवला, शेपूट बघितलं, आणि भार एक ठोका पुढे सरकवला. वर पडदा हलला, आणि आतून कुणीतरी शिवी दिली. झिलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बारा आठवड्यांत बघितलं नव्हतं. त्यानंतर अल्मा स्ट्रीटची अठरा घरं तिने ओळीने उठवली, एकही न चुकता. शेवटी शेवटी ती माझा शब्द ऐकायलाही थांबत नव्हती. सहाच्या आत सगळं गाव फाटकातून आत. संप झाला नाही. न झालेला संपच आता मॅनेजरला जास्त संशयास्पद वाटू लागला, आणि त्याने ट्रेगियरला निरोप धाडला की म्हाताऱ्यावर दिवसभर नजर ठेव.

म्हणून दुपारी दोन वाजता मी इन्स्टिट्यूटसमोरच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा एका बाजूला ट्रेगियर होता आणि दुसऱ्या बाजूला, वही घेऊन, डकवर्थ. एव्हाना झिला आत कशाला गेली ते गावभर झालं होतं. म्हणजे आता पास झाली तर ठीक. नाही तर सोमवारी तिचे साचे दुसरीच्या हाती आणि कान जे काय उरलेत ते तिचे तिला.

समोर इन्स्टिट्यूटची मोठी खिडकी. आत टेबल, टेबलावर टेलिफोन, शेजारी पालथ्या कार्डांची चळत, आणि झिला. परीक्षा घेणारी मिस थ्रेल्फॉल मँचेस्टरहून आली होती. ती मागच्या खोलीत दुसऱ्या टेलिफोनवर बसणार, म्हणजे तारेतून आवाज कसा येतो ते कळतं. उमेदवाराने शब्द आधी तुकडे पाडून म्हणायचा, मग सलग.

झिलाने पहिलं कार्ड उचललं. ओठ हलले. अगदी सुरेख, रस्त्यापलीकडून मला एकेक तुकडा वाचता आला. तिने पुन्हा म्हटलं. मग थांबली.

"काय झालं?" ट्रेगियरने विचारलं.

डकवर्थचा रंग उडाला. त्यालाही ओठ वाचता येत होते, आणि जे मला दिसलं तेच त्याला दिसलं होतं. "गळा हलत नाही तिचा," तो म्हणाला. "साचेखात्यातल्यासारखं बोलतेय ती. आवाज काढायला विसरली."

मागच्या खोलीचं दार उघडून मिस थ्रेल्फॉल आली, तार ओढून बघितली, यंत्र कानाला लावलं, आणि झिलाकडे अशी बघत राहिली की हिनेच काहीतरी केलंय. मग दार लावून परत गेली. झिला बसलेली. टेबलाखाली तिच्या लाकडी तळव्याच्या बुटाचं टोक मला दिसत होतं. ते उचललं गेलं आणि फरशीवर पडलं. हलका, हलका, जड. आणि जडाबरोबर तिचा गळा हलला. आवाज निघाला असणार. त्यानंतर कार्डामागून कार्ड. बूट पडायचा, गळा हलायचा. मी एकेक शब्द ट्रेगियरला सांगत होतो. तो दर वेळी डकवर्थकडे वळून विचारायचा, खरं सांगतोय का हा. आणि डकवर्थ, जरा नाखुशीने, मान हलवायचा.

सातव्या कार्डाला मागचं दार धाडकन उघडलं. मिस थ्रेल्फॉल आत येऊन आधी टेबलाखाली वाकली, मग पडद्यामागे, मग कपाटात. शेवटी ती खिडकीशी आली आणि रस्त्यापलीकडे बसलेल्या आम्हा तिघांकडे तिने बराच वेळ निरखून बघितलं. ट्रेगियरने नकळत टोपी सरळ केली.

"तारेवर ठोके ऐकू येतात," तिचे ओठ म्हणाले. "तुला कोण सांगतंय?"

"कुणी नाही, बाई. माझाच पाय आहे."

"पाय कशाला?"

झिलाने उत्तर दिलं ते मला वाचता आलं नाही, तिने मान खाली घातली होती. मिस थ्रेल्फॉलने तिला बूट काढायला लावले, ते उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसायला सांगितलं. मग चळतीतली उरलेली कार्डं बाजूला सारून आपल्या पिशवीतून एकच नवं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिचे ओठ स्पष्ट होते. बाकीची सहा बरोबर आहेत, पण मला त्यांचा भरवसा नाही. हा एक शब्द म्हण. आला तर आला.

आणि ती मागच्या खोलीत न जाता तिथेच उभी राहिली.

झिला कार्डाकडे बघत बसली. मोजे घातलेले पाय फरशीवर, हात डोक्यावर, जसं काही कुणी बंदूक रोखलीय. ओठ हलले, आवाज नाही. तुकडे मोजत होती. इन, कॉम, प्रि, हेन, सि, बि, लि, टी. आठ.

"काय आहे शब्द?" ट्रेगियर कुजबुजला.

"इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी," डकवर्थ म्हणाला. "म्हणजे काही केल्या कळत नाही ते." त्याची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. "पिलिंग, हा तू कधी वाजवलास?"

नव्हता वाजवला. एवढ्या लांबीचं घरच नव्हतं गावात. मी बोटं मुठीत घट्ट धरून ठेवली, कारण ती आपोआप वाजायला लागली असती आणि मिस थ्रेल्फॉल अजून अधूनमधून आमच्याकडे बघत होती. एवढ्या जवळून मदत करता येत असून हात बांधून बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

झिलाने डोळे मिटले. मग मला तिचे ओठ दिसले, कार्डावरचा शब्द नव्हे, दुसरंच काहीतरी. ती म्हणाली, आवाज न काढता, आपल्याशीच: अल्मा स्ट्रीट.

शेपूट बघितलं होतं तिने. टोकाला दोन हलके. शेवटून तिसरा जड. सकाळी अठरा काचांवर हातानेच दिला होता तो. तिची मान ताठ झाली आणि गळा हलला. हेनवर अर्धा टेकू दिला, बि वर सगळा भार टाकला, आणि लि, टी अशी दोन हलकी पावलं उतरून ती थांबली. मग सलग म्हणाली. मग डोळे उघडले.

मिस थ्रेल्फॉलने झिलाच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, पुन्हा एकदा कपाट उघडून बंद केलं. "तुला शिकवलं कोणी?" तिने विचारलं.

"गल्लीने," झिला म्हणाली.

मिस थ्रेल्फॉलला हे उत्तर मुळीच पटलेलं दिसलं नाही. पण कागदावर तिने काय लिहिलं ते तिने लिहिता लिहिता ओठांत म्हटलं, आणि मी आणि डकवर्थ दोघेही एकदम उठून उभे राहिलो. ट्रेगियरने दोघांनाही खाली बसायला सांगितलं. घेतली तिला, हे आम्ही त्याला तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी झिला बूट हातात घेऊन बाहेर आली तेव्हा त्याने विश्वास ठेवला.

काठी मला सोमवारी परत मिळाली, एक तार कमी. ती तार कुठे गेली ते ट्रेगियरला अजून सांगता आलेलं नाही. डकवर्थ त्या आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाला की माझ्याही दाराशी पाटी टांग, आणि ठोका रोज वेगळा दे. त्याची धाकटी मुलगी सूतखात्यात आहे, तिच्याही कानात शिटी वाजते. वही त्याने तिला दिली म्हणे. मला अजून शंका आहे की ती वही त्याने पहिल्यापासून तिच्यासाठीच लिहिली आणि मॅनेजरकडे नंतर भीतीपोटी गेला. विचारलं तर म्हणतो, जॉबराच्या डोक्यात एवढं कुठून येणार.

झिला एक्स्चेंजला लागली खरी, पण मी ती आत बसलेली डोळ्यांनी बघितली नव्हती, आणि न बघितलेल्या गोष्टीवर आमच्याकडे कुणी विसंबत नाही. म्हणून महिन्याभराने मी चौकातल्या टेलिफोनच्या लाल खोक्यात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा. नळी कानाला लावली, बऱ्या कानाला. पलीकडून आवाज आला, "नंबर सांगा." आवाज गोड, भार जिथल्या तिथे. पण अशा आवाजाच्या मुली मँचेस्टरलाही असतील. मी विचारलं, झिला आहेस का तू?

काही उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठं तोंड करून. तार गप्प. मनात म्हटलं, हेच ते. कुणीतरी दुसरीच आहे, आणि आपल्याला फसवलंय.

तेवढ्यात तारेवर बारीक ठोके पडले. हलका, हलका, जड, हलका, हलका. हॅस्लमबाईचं घर.

"काका," झिला म्हणाली, "आवाज काढून बोला. इथून ओठ दिसत नाहीत."